जमिनीवर पडलेले पक्ष्याचे अंडे सापडल्यास काय करावे

मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक लहान पक्ष्यांची वीण सुरू असते, आणि नेमक्या याच काळात वळवाचे वारे, झाडांची छाटणी, मांजरांचा वावर आणि कावळ्यांची चोरी यांमुळे अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर एखादे अंडे पडलेले आढळते. ज्याला ते सापडते त्याच्या मनात बहुधा पहिला प्रश्न येतो तो हे अंडे उबवून त्यातून पिल्लू कसे काढता येईल, हा. वास्तविक त्याआधी तीन गोष्टी पाहायला हव्यात: अंडे खरोखरच पडलेले आहे का, ते शाबूत आहे का, आणि ज्या घरट्यातून ते पडले ते घरटे सापडते का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर अंडे घरट्यात परत ठेवावे. अंडे पडलेलेच नसेल तर त्याला हात लावू नये. ते फुटलेले असेल किंवा घरटे सापडत नसेल तर मात्र त्या अंड्यासाठी करण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि अशा वेळी आपली धडपड घरट्यात उरलेली अंडी, पिल्ले आणि त्यांचे आईबाप यांना निवांतपणा मिळावा यासाठी खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

हात लावण्यापूर्वी

जमिनीवर दिसलेले प्रत्येक अंडे वरून पडलेले नसते. टिटवी, रातवा, तितर, लावा आणि मोर हे आपल्या परिसरातले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि त्यांतल्या टिटवीच्या अंड्यांबाबत लोकांची फसगत सर्वांत जास्त होते. माळावर, नांगरलेल्या शेतात, तळ्याच्या कोरड्या काठावर, बांधकाम रखडलेल्या प्लॉटवर आणि शहरात कधीकधी इमारतीच्या सपाट गच्चीवरही टिटवी एक उथळ खळगा निवडते, त्याच्या कडेला बारीक खडे, ढेकळे किंवा शेळीच्या लेंड्या जमवते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. भोवऱ्यासारखी एका टोकाला निमुळती असलेली ही अंडी निमुळती टोके आतल्या बाजूला करून मांडलेली असतात, आणि मातकट रंगावर काळे-तपकिरी डाग असल्यामुळे दोन पावलांवरूनही ती नजरेस पडत नाहीत. अशा जागी माणूस आला की नर-मादी डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडतात आणि अंगावर झेपावल्यासारखे करतात. हा ओरडा ऐकू आला तर आपण घरट्याच्या अगदी जवळ आहोत असे समजावे, पायाखाली नीट पाहावे आणि आलो त्याच वाटेने मागे फिरावे.

मागे फिरणे इतके महत्त्वाचे का, हे उन्हाळ्याच्या दुपारी समजते. त्या वेळी टिटवीचे मुख्य काम अंडी गरम ठेवण्याचे नसून ती तापू न देण्याचे असते. ती पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, किंवा नुसती त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. आपण मोबाईलवर छायाचित्रे काढत अर्धा तास तिथेच रेंगाळलो, तर तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात राहतात, आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात आतला गर्भ दगावायला तेवढा वेळ पुरतो. शेतात अशी अंडी आढळली आणि नांगरणी तोंडावर आलेली असेल, तर तेवढा तुकडा सोडून नांगर किंवा ट्रॅक्टर वळवावा. खूण करायची असल्यास काठी खळग्याजवळ न रोवता दहाबारा पावले दूर रोवावी, कारण उघड्या रानात उभी केलेली नवी वस्तू कावळ्यांचे आणि कुत्र्यांचे लक्ष वेधून घेते. सुमारे चार आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिल्ले लवकरच चालू लागून खळगा सोडतात, त्यामुळे शेतकऱ्याची फार खोटी होत नाही. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर त्या वर्षी पाऊस जास्त होतो असा समज गावोगाव आहे. तो खरा असो वा नसो, त्यामुळे लोक त्या अंड्यांकडे पाहतात आणि त्यांना हात लावत नाहीत, हा त्याचा फायदा मात्र खरा आहे.

रातवा तर खळगाही करत नाही; तो पालापाचोळ्यावर किंवा उघड्या जमिनीवर थेट अंडी घालतो. तितर, लावा आणि लांडोर झुडपाच्या किंवा गवताच्या आडोशाला अंडी घालतात. म्हणून एकापेक्षा जास्त अंडी एकत्र दिसली, ती खळग्यात किंवा गवताच्या बिछान्यावर असली, किंवा वर एकही झाड, तार अथवा इमारतीची कड नसेल, तर ती पडलेली नाहीत असेच धरून चालावे.

दुसरी नेहमीची चूक रिकाम्या टरफलाबाबत होते. पिल्लू बाहेर आल्यावर बहुतेक लहान पक्षी टरफलाचे अर्धुके चोचीत धरून घरट्यापासून दूर नेऊन टाकतात, कारण टरफलाचा पांढरा आतला भाग भक्षकाला घरट्याचा पत्ता देतो. असे टरफल उचलून पाहिले तर रुंद टोकाकडून गोलाकार कापल्यासारखी कड दिसते, आतला पातळ पापुद्रा कडेला सुटून कोरडा पडलेला असतो, आणि बलकाचा मागमूस नसतो. हे टरफल म्हणजे जवळपास कुठेतरी पिल्लू सुखरूप बाहेर आल्याची पावती आहे. याउलट बाजूला वेडेवाकडे भोक, आत ओढली गेलेली कड आणि चिकट बलक असेल तर ते अंडे कावळ्याने, भारद्वाजाने, मुंगसाने किंवा उंदराने खाल्लेले असते. दोन्ही वेळा करण्यासारखे काही नसते.

अंडे कोणाचे असावे

अंडे शाबूत असेल आणि पडलेले असल्याची खात्री झाली असेल, तर ते उचलण्याआधी त्याचा रंग, आकार आणि वरचे झाड एकदा पाहून घ्यावे, कारण त्यावरून घरटे कुठे शोधायचे हे ठरते. पांढरे शुभ्र, बिनठिपक्यांचे अंडे बहुधा ढोलीत किंवा बिळात राहणाऱ्या पक्ष्यांचे असते, म्हणजे पोपट, तांबट, पिंगळा, खंड्या यांचे. होला आणि पारवा हे ढोलीत न राहणारे पक्षीही पांढरीच अंडी घालतात. साळुंकीचे अंडे फिकट निळे असते आणि सातभाईचे गडद, चकचकीत निळे. कावळ्याचे अंडे निळसर हिरवे असून त्यावर तपकिरी ठिपके असतात. बुलबुलाचे अंडे गुलाबीसर पांढऱ्या रंगावर तांबूस-जांभळ्या ठिपक्यांनी भरलेले असते, तर चिमणीचे पांढुरक्या किंवा राखी रंगाचे, तपकिरी शिंतोड्यांचे आणि जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीचे असते.

रंगावर फार विसंबू नये, याला एक गमतीदार कारण आहे. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि ते कावळ्याच्या अंड्याशी बरेच मिळतेजुळते, फक्त लहान असते. पावशा आणि चातक हे पक्षी सातभाईच्या घरट्यात अंडी घालतात आणि त्यांची अंडीही निळीच असतात. कावळ्याच्या घरट्याखाली पडलेले अंडे कावळ्याचे की कोकिळेचे हे ठरवण्याच्या भानगडीत सामान्य माणसाने पडू नये, आणि घरट्यात एखादे वेगळे अंडे दिसले तर ते परके म्हणून काढून टाकण्याचा न्यायनिवाडाही करू नये. तो हजारो वर्षे चालत आलेला त्यांचा आपसातला मामला आहे.

घरटे शोधताना अंड्याच्या थेट वर पाहावे आणि नंतर वारा ज्या बाजूने आला असेल त्या बाजूच्या फांद्या पाहाव्यात. होल्याचे घरटे म्हणजे आडव्या फांदीवर टाकलेल्या काड्यांचा इतका विरळ थर असतो की खालून पाहिल्यास काड्यांमधून आकाश दिसते, आणि जोराच्या वाऱ्यात त्याची दोनांपैकी एखाद-दुसरी अंडी सहज घरंगळतात. बुलबुलाचे वाटीच्या आकाराचे घरटे बहुधा कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, जास्वंदीत, कुंपणाच्या मेंदीत किंवा गॅलरीतल्या वेलीत असते, त्यामुळे ते सापडण्याची आणि अंडे परत ठेवता येण्याची शक्यता सर्वांत चांगली. साळुंकी, पोपट, तांबट यांच्या ढोलीतून मात्र अंडे आपोआप सहसा पडत नाही. ढोलीच्या मालकीवरून या पक्ष्यांत मारामाऱ्या होतात, आणि खाली आलेले अंडे बहुधा कोणीतरी बाहेर काढलेले असते. ते परत ठेवले तरी पुन्हा बाहेर येण्याचाच संभव अधिक. कवचाला भोक पडलेले अंडे काही पक्षी स्वतःच उचलून घरट्याबाहेर टाकतात, हेही ध्यानात ठेवावे.

घरट्यात परत ठेवताना

माणसाचा हात लागला की पक्षी अंडे टाकून देतात, हा समज घरोघरी ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. पक्षी घरटे सोडतात ते हाताच्या वासामुळे नव्हे, तर घरट्याभोवती वारंवार होणाऱ्या गडबडीमुळे. आणि पिल्ले असलेल्या घरट्यापेक्षा नुसती अंडी असलेले घरटे ते अधिक लवकर सोडतात, कारण त्या टप्प्यावर नव्याने वीण घालणे त्यांना कमी खर्चाचे पडते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, अंड्याला हात लावायला हरकत नाही, पण घरट्यापाशी आपण एकदाच, थोडाच वेळ आणि एकट्यानेच जावे. मुलांना दाखवायला, शेजाऱ्यांना बोलवायला किंवा चित्रफीत काढायला पुन्हा जाऊ नये.

अंडे उचलण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. अंडे दोन बोटांच्या चिमटीत दाबून न धरता तळव्यात आडवे घ्यावे आणि त्याला हिसका बसू देऊ नये, कारण आतला बलक दोन्ही बाजूंच्या पिळदार तंतूंनी मध्यावर तोललेला असतो आणि जोराच्या धक्क्याने तो तोल बिघडतो. माती लागली असली तरी अंडे पाण्याने धुऊ नये आणि कापडाने घासू नये. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतूनच गर्भ श्वास घेतो, आणि त्यांवर असलेला नैसर्गिक लेप जंतूंना आत जाण्यापासून रोखतो. धुतल्याने तो लेप जातो आणि पाण्याबरोबर घाण छिद्रांतून आत शिरते. अंडे पाण्यात टाकून तरंगते की बुडते हे पाहण्याची स्वयंपाकघरातली परीक्षा याच कारणाने इथे करू नये. अंधारात मोबाईलचा प्रकाश टाकून आत रक्तवाहिन्या दिसतात का हे पाहण्याचा मोहही अनेकांना होतो. नुकत्याच घातलेल्या अंड्यात काहीच दिसत नाही, ठिपक्यांच्या किंवा गडद अंड्यात नीट दिसत नाही, आणि काही दिसले नाही म्हणून जिवंत अंडे टाकून दिले जाते. म्हणून हा प्रयोग ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठीच सोडावा.

अंडे हाताला थंड लागले म्हणजे ते मेले, असे समजू नये. बुलबुल, साळुंकी, चिमणी यांसारखे पक्षी रोज एक याप्रमाणे अंडी घालतात, आणि सगळी किंवा बहुतेक अंडी घालून झाल्यावरच नेटाने उबवायला बसतात. तोवर आधीच्या अंड्यांतला गर्भ वाढ थांबवून स्वस्थ असतो. एरवीही आईबाप चारापाण्यासाठी उठतात तेव्हा अंडी थोडी निवतातच. गर्भाला थंडीपेक्षा उष्णतेचा धोका मोठा असतो. सकाळच्या गारव्यात गवतावर पडलेल्या अंड्याला काही तासांनंतरही आशा असते, पण दुपारच्या डांबरी रस्त्यावर किंवा तापलेल्या फरशीवर पडून राहिलेले अंडे वरून धडधाकट दिसले तरी आत बहुधा शिजलेले असते.

अंडे घरट्यात इतर अंड्यांशेजारी आडवे ठेवावे आणि लगेच खाली उतरावे. मग निदान तीस-चाळीस फुटांवर, शक्य असल्यास खिडकीच्या किंवा भिंतीच्या आडून, तासभर पाहावे. आईबाप आसपास ओरडत असतील तर आपण अजून जवळ आहोत. दिवसा कोणी दिसले नाही तरी लगेच निराश होऊ नये. खरी परीक्षा तिन्हीसांजेला होते. अंधार पडण्याच्या सुमारास घरट्याच्या कडेवरून शेपटीचे टोक किंवा चोच बाहेर आलेली दिसली, तर पक्षी रात्रीसाठी अंड्यांवर बसला आहे आणि आपले काम संपले आहे.

घरटे उंचावर असेल तर चढू नये. विजेच्या तारांजवळचे झाड, पावसाने निसरडे झालेले खोड आणि कावळ्याचे किंवा घारीचे घरटे या तीन ठिकाणी तर अजिबात नाही. घार डोक्यावर नखांचा फटकारा मारते आणि शिडीवरचा माणूस त्याने पडू शकतो. घरटे कोणाचे ते ठाऊक नसताना अंडे दिसेल त्या घरट्यात ठेवून देण्याचाही उपयोग नाही. चिमणीची अंडी अकरा ते चौदा दिवसांत फुटतात, पारव्याची सतरा ते एकोणीस दिवसांत, पोपटाची तीन आठवड्यांहून अधिक काळाने. उबवणीचे वेळापत्रक आणि पिल्लांचा आहार दोन्ही न जुळल्यामुळे त्या अंड्याचे भले होत नाही आणि यजमानाच्या पिल्लांचे नुकसान मात्र होऊ शकते.

घरटेच खाली आले असेल तर

पावसाळ्यातल्या वादळात सुगरणीचे घरटे अंड्यांसह खाली पडलेले पुष्कळदा मिळते. आधी ते पूर्ण झालेले आहे का ते पाहावे, कारण मादीने नापसंत केलेली अर्धवट घरटी नर तशीच सोडून देतो आणि त्यांत काही नसते. खाली लोंबणारी नळी असलेले घरटे पूर्ण असते. ते न उलटवता उचलावे, फुगीर भागाला बाहेरून हळूच चाचपून किंवा नळीतून पाहून आत अंडी आहेत का याचा अंदाज घ्यावा, आणि असल्यास त्याच झाडाच्या त्याच बाजूच्या फांदीला सुतळीने किंवा बारीक तारेने, नळीचे तोंड खाली राहील असे बांधावे. नळी दाबली जाणार नाही आणि फांदी पाण्यावर किंवा काट्यांवर झुकलेली असेल असे पाहावे, कारण सुगरणीने ती जागा साप आणि मांजर यांच्यापासून बचावासाठीच निवडलेली असते.

बुलबुलासारख्या पक्ष्याचे वाटीचे घरटे फांदी तुटून पडले असेल, तर ते घरटे आहे तसे एका लहान दुरडीत किंवा तळाला पाणी जाण्यासाठी भोके पाडलेल्या नारळाच्या करवंटीत बसवावे आणि मूळ जागेपासून हाताच्या अंतरावर, तितक्याच उंचीवर व सावलीत घट्ट बांधावे. तळाशी कापूस घालू नये. पावसात तो भिजून गच्च होतो आणि कोरडा असताना त्याचे धागे पिल्लांच्या पायांत अडकतात. सुकलेले गवत किंवा काथ्या पुरेसा आहे. हा उपाय पिल्ले असताना बऱ्यापैकी साधतो, नुसती अंडी असताना कमी वेळा, हे आधीच समजून करावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईबाप बसले नाहीत तर त्यांनी ती वीण सोडली असे मानावे. बुलबुल आणि होले एका हंगामात पुन्हा घरटे करतात.

घरी उबवण्याबद्दल

घरटे सापडले नाही की लोकांचे लक्ष टेबलाच्या दिव्याकडे, गरम पाण्याच्या पिशवीकडे किंवा गावाकडे खुडूक बसलेल्या कोंबडीकडे वळते. इथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोंबडीच्या अंड्यांसाठी उबवणयंत्रात साधारण साडेसदतीस अंश सेल्सियस तापमान, मोजलेली आर्द्रता आणि दिवसातून अनेक वेळा अंडे फिरवण्याची सोय असते. दिव्याखाली यांतले एकही सांभाळले जात नाही, आणि तापमान चाळीसच्या वर रेंगाळले तर गर्भ मरतो. खुडूक कोंबडीची ऊब योग्य असली तरी तिच्या अंगाखाली चिमणीचे किंवा बुलबुलाचे नाजूक अंडे टिकत नाही. समजा टिकले आणि फुटले, तरी कोंबडीचे पिल्लू पहिल्याच दिवशी डोळे उघडून स्वतः दाणे टिपते, तर बुलबुलाचे पिल्लू उघडेबोडके, आंधळे आणि पूर्णपणे परावलंबी असते. त्याच्या चोचीत घास भरवणे कोंबडीला माहीत नसते.

यंत्रानेही पिल्लू निघाले तरी खरी कसोटी पुढे असते. लहान पक्ष्यांच्या पिल्लाला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी घास लागतो, आणि तो प्रामुख्याने किड्यांचा लागतो. दूध, पाव, भाताची शिते हे त्याचे अन्न नव्हे. ड्रॉपरने तोंडात सोडलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. पारव्याचे आणि होल्याचे पिल्लू तर पहिले काही दिवस आईबापाच्या अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दाट स्रावावरच जगते, आणि तो स्राव घरात करता येत नाही. यातूनही वाचलेला पक्षी माणसाला आईबाप समजून वाढला तर त्याला रानात सोडता येत नाही.

रानातली अंडी उचलून यंत्रात उबवण्याचे काम आपल्या देशात होते, पण ते कोणत्या तयारीने होते ते पाहावे. नान्नजच्या अभयारण्यामुळे सोलापूरकरांच्या परिचयाचा असलेला माळढोक नामशेष होण्याच्या काठावर आल्यावर, २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे भारतीय वन्यजीव संस्थेच्या देखरेखीखाली, केंद्र आणि राज्य सरकारच्या परवानगीने, त्याची अंडी गोळा करून कृत्रिम उबवणी सुरू झाली. मादी बहुधा एकच अंडे उघड्या माळावर घालते आणि एकेका अंड्याला मोल आहे, म्हणून प्रशिक्षित माणसे, यंत्रे आणि वर्षानुवर्षांचा खर्च त्यामागे उभा केला गेला. साळुंकीच्या किंवा होल्याच्या एका अंड्यासाठी तशी गरजही नाही.

कायद्याची बाजूही इथेच येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये प्राणी या शब्दाच्या व्याख्येत अंडी समाविष्ट आहेत, आणि रानपक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे किंवा अंडी व घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतील पक्ष्यांसाठी शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. सापडलेले अंडे कपाटात शोभेला ठेवणे, शाळेच्या संग्रहासाठी फुंकून रिकामे करणे किंवा पिल्लू पाळण्याच्या हेतूने घरी नेणे यांना म्हणूनच वाव नाही. घुबड, गरुड, गिधाड किंवा मोर यांचे अंडे असल्याची शंका असेल, झाड पडून अनेक घरटी एकदम खाली आली असतील, किंवा कोणी अंडी गोळा करताना दिसले, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे. पलीकडून सूचना मिळेपर्यंत अंडे हलवावेच लागले तर लहान खोक्यात मऊ सुती कापडाची चुंबळ करून त्यात आडवे ठेवावे, वरच्या बाजूस पेन्सिलीने बारीक खूण करावी म्हणजे ते वाटेत उलटले तर कळते, आणि खोके सावलीत ठेवावे. फ्रिजमध्ये किंवा उन्हात नव्हे.

तडा गेलेल्या अंड्यातून पांढरा द्राव झिरपत असेल तर ते वाचत नाही. केसाएवढा तडा असून आतला पापुद्रा अखंड असेल तर ते घरट्यात ठेवून पाहायला हरकत नाही, पण मेण किंवा नखांचा रंग लावून तडा बुजवण्याचे काम घरी करू नये. घरट्याचा पत्ता न लागलेले शाबूत अंडे जवळच्या झुडपाखाली सावलीत ठेवून द्यावे. ते मुंगूस, मुंग्या किंवा सरडे खातील, आणि ते वाया गेले असे होत नाही. बरेच दिवस उन्हात राहिलेले नासके अंडे आत वायू साठल्याने हातात फुटू शकते, म्हणून ते कागदात धरून उथळ खड्ड्यात पुरावे. कोणतेही रानअंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कवचावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आसपास बरेच पक्षी एकाच वेळी मेलेले दिसत असतील तर अंड्याला हातच न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू आढळल्यापासून ही खबरदारी आपल्याकडे नवी राहिलेली नाही.

अंडी पडू नयेत म्हणून

शहरांत अंडी खाली येण्याचे मोठे कारण वारा नसून पावसाळ्यापूर्वीची छाटणी असते. धोकादायक फांद्या एप्रिल-मेमध्ये उतरवल्या जातात आणि बुलबुल, होला, कावळा यांची घरटी नेमकी तेव्हाच भरलेली असतात. पुढे पाऊस सुरू झाल्यावर छाटणी लांबली तर वंचक, बगळे आणि पाणकावळे यांच्या वसाहती तिच्या तडाख्यात सापडतात. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार छाटणीसाठी परवानगी लागते. गृहनिर्माण संस्थेने तो अर्ज करतानाच घरटी असलेल्या फांद्यांची नोंद करावी, आणि करवत चालण्याच्या दिवशी एका सभासदाने दुर्बीण घेऊन खाली उभे राहावे. जी फांदी लगेच कोणाच्या डोक्यात पडण्याजोगी नाही ती महिनाभराने उतरवली तर काही बिघडत नाही.

गॅलरीतल्या पारव्यांचा प्रश्न वेगळा आहे. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे चार काड्या टाकून पारवी दोन अंडी घालते आणि मग घरातल्या लोकांना दया आणि वैताग यांच्यात निवड करावी लागते. काड्या जमू लागताच त्या रोज काढाव्यात आणि घट्ट ताणलेली जाळी लावावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. अंडी घातल्यावर मात्र पिल्ले उडेपर्यंत थांबणे बरे, आणि त्यासाठी अंडी घातल्यापासून साधारण दीड महिना धरावा लागतो. विष्ठा साफ करताना ती आधी ओली करून, तोंडावर मास्क लावूनच काढावी.

विदर्भ-मराठवाड्यात खिडकीत बसवलेले कूलर हिवाळाभर बंद असतात, आणि ते मार्चमध्ये सुरू करण्याच्या वेळी आत चिमण्यांचे, साळुंक्यांचे किंवा होल्याचे घरटे निघते. बटण दाबण्याआधी मागची ताटी काढून आत पाहावे. कूलरला उघडे राहणारे भोक फेब्रुवारीतच जाळीने बंद केले तर हा पेच येत नाही. आत अंडी असतील तर चिमणीसाठी साधारण एक महिना तो कूलर सुरू करता येणार नाही. तेवढे थांबणे घरातल्या आजारी माणसामुळे किंवा तान्ह्या मुलामुळे शक्य नसेल, तर घरटे अंड्यांसह खोक्यात बसवून त्याच खिडकीच्या चौकटीला बाहेरून, कूलरच्या वाऱ्याबाहेर आणि सावलीत बांधून पाहावे.